दूरची प्रयोगशाळा आणि जवळचा माणूस

मुंबईस पवईच्या आय.आय.टी.मध्ये २०१० च्या सुमारास एक लहानसे उपकरण तयार करण्यात आले. एक छोटी पोलादी पट्टी, तिच्यापासून किंचित अंतरावर तापणारे तारेचे वेटोळे, संगणकात असतो तसला एक पंखा आणि पट्टीला चिकटवलेला तापमान मोजणारा संवेदक, एवढाच त्याचा पसारा. वेटोळ्यात वीज वाढवली की पट्टी तापते, पंखा जोरात फिरवला की निवते. श्रोतेहो, यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. इस्त्री आणि पंखा आपल्या घरोघरी आहेत. नवल आहे ते यात, की ही वीज कमीजास्त करणारा विद्यार्थी पवईत नसे. तो दुसऱ्या कुठल्या गावच्या कॉलेजात किंवा वसतिगृहाच्या खोलीत आपल्या संगणकापुढे बसलेला असे. त्याने आधी वेळ राखून ठेवायची, मग इंटरनेटवरून हुकूम सोडायचा. पवईतला पंखा खरोखरच जोराने फिरू लागे, पट्टी खरोखरच निवू लागे, आणि ते आकडे त्याच्याकडे परत येत. प्राध्यापक कण्णन मौदगल्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले हे काम. सोबतची 'सायलॅब' ही संगणकप्रणालीही फुकट मिळणारी, म्हणजे परवान्याचे पैसे कोणापाशी मागायला नकोत.

आजचा आमचा विषय तो हा. दूर बसून, इंटरनेटच्या तारेवरून, खऱ्या उपकरणावर केलेला प्रयोग. ही प्रयोगशाळा आली कशी, तिने काय दिले, आणि ती चालू कोणी ठेवायची, हे आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे. आम्ही शास्त्रज्ञ नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले आणि जे काही वाचले ते पाळ्या संभाळून वाचले. तेव्हा या इतिहासाकडे आम्ही कारखान्याच्या दारातून पाहतो, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'आभासी प्रयोगशाळा' आणि 'दूरस्थ प्रयोगशाळा' ही दोन नावे हल्ली एकाच अर्थाने वापरली जातात. त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. आभासी प्रयोगात पडद्यावर लंबकाचे चित्र हलते. ते सूत्राप्रमाणे हलते, कारण ते सूत्रानेच हलवलेले असते. उत्तर आधी लिहिलेले, प्रयोग नंतर दाखवलेला. दूरस्थ प्रयोगात कुठे तरी एक खरी वस्तू असते, आणि खऱ्या वस्तूला स्वभाव असतो. पवईतली ती पट्टी मे महिन्याच्या दुपारी जशी वागेल तशी जानेवारीच्या पहाटे वागणार नाही, कारण भोवतालची हवाच निराळी. हुकूम दिल्याबरोबर ती तापत नाही. लोखंड तापायला आपला वेळ घेते, आणि तो वेळ किती हे मोजणे हाच मुळी प्रयोग. आकडा एका जागी स्थिर राहत नाही, थोडा थरथरतो. ही थरथर म्हणजे काय हे ज्याला कळले त्याला शास्त्राची पहिली पायरी कळली असे आम्ही समजतो. गिरणीतला जुना फिटर आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखत असे. तेही अशा थरथरीवरूनच.

आता मागे जाऊ. वस्तू दूर आणि हुकूम जवळ, ही कल्पना इंटरनेटहून पुष्कळ जुनी आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकुमावर वळणारी एक छोटी होडी लोकांपुढे ठेवली. हे दोन्ही मोठे, पण ती प्रात्यक्षिके होती. पाहणाऱ्याने पाहायचे, टाळ्या द्यायच्या आणि घरी जायचे.

दूरवरून हात चालवण्याची खरी निकड आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि ती आली कामगाराच्या जिवासाठी, हे आम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते. किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणारा माणूस मरू नये म्हणून शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ या इंजिनियराने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक हात बनवले. जाड भिंतीच्या अलीकडे माणसाने मूठ वळवावी, पलीकडे पोलादी मुठीने तसेच वळावे. १९५४ पर्यंत त्याने हेच विजेच्या जोरावर साधले, म्हणजे दोन हातांमध्ये आता दांड्याऐवजी तार आली. पुढे आमच्या तुर्भ्याच्या अणुकेंद्रातही अशा भिंतीमागच्या हातांनीच काम करावे लागले. एरवी नवे यंत्र आले की कामगाराच्या पोटात गोळा येतो. पण हे यंत्र त्याचे बोट वाचवायला आलेले होते. १९७० च्या नोव्हेंबरात रशियनांनी चंद्रावर लुनोखोद ही आठ चाकांची गाडी उतरवली. ती पाच माणसांची तुकडी पृथ्वीवर बसून हाकीत असे. हुकूम जायला आणि चित्र परत यायला काही सेकंद लागत, तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली तर गेली. तरीही ती दहा किलोमीटरांवर चालली.

हे सारे सरकारांचे खेळ. सामान्य विद्यार्थ्याच्या हाती ही सोय आली ती इंटरनेटमुळे, आणि आली कशी तर चहापाण्याच्या वाटेने! केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात १९९१ मध्ये काही मंडळींनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. जिना चढून जावे आणि भांडे रिकामे निघावे, हा मनस्ताप टाळण्यासाठी. १९९३ मध्ये ते चित्र जगाला दिसू लागले आणि लोक सातासमुद्रापलीकडून दुसऱ्याची कॉफी किती उरली ते पाहू लागले. हे नुसते पाहणे झाले. १९९४ मध्ये अमेरिकेत केन गोल्डबर्ग आणि ऑस्ट्रेलियात केन टेलर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, यंत्रहात इंटरनेटला जोडले. एकाकडे वाळूत पुरलेल्या वस्तू हवेच्या झोताने उघड्या करायच्या, दुसऱ्याकडे लाकडी ठोकळे उचलून रचायचे. पोरखेळच तो, पण कोणीही, कुठूनही, खऱ्या वस्तूला हलवू शकतो हे त्यातून सिद्ध झाले.

पुढच्या एक-दोन वर्षांत ऑरेगॉन राज्य विद्यापीठाने याच तत्त्वावर आपली नियंत्रणशास्त्राची प्रयोगशाळा खुली केली. त्या योजनेचे नाव आम्हांस फार आवडले. त्याचा अर्थ असा : 'प्रत्यक्ष तेथे असण्याच्या खालोखाल'. कर्त्यांनी नावातच प्रामाणिकपणा ठेवला. पहिला क्रमांक त्यांनी प्रत्यक्ष हातालाच दिला होता. पुढे ज्यांनी या प्रयोगशाळा विकल्या त्यांच्या जाहिरातींत हा 'खालोखाल' कुठे शोधून सापडत नाही. १९९८ मध्ये बोस्टनजवळच्या एम.आय.टी.त प्राध्यापक देल आलामो यांनी ट्रान्झिस्टरची मापे घेणारे महागडे यंत्र इंटरनेटला जोडले. कारण साधे होते : यंत्र एक, विद्यार्थी शेकड्यांनी, आणि यंत्राची खोली लहान. रात्री दोन वाजता कोणी माप घेऊ लागला तरी यंत्राला झोप नव्हती. पुढे हीच सोय नायजेरियातील इफे, युगांडातील मकेरेरे आणि टांझानियातील दार-ए-सलाम येथील विद्यापीठांपर्यंत नेण्यात आली. तेथे अडचण निघाली ती इंटरनेटच्या बारीक धारेची आणि विजेची. मग त्या विद्यापीठांनी नुसते मागणारे न राहता आपापल्या प्रयोगशाळाही बांधायला घेतल्या. या इतिहासातला हा भाग आम्हांस सर्वांत आशादायक वाटतो.

याच्या जोडीला दुर्बिणी आल्या, आणि तेथे दूरस्थपणाला खरा अर्थ आहे. इंग्लंडातल्या शाळेत दिवसा तास चालू असतो तेव्हा हवाई बेटावर रात्र असते. डिल फॉक्स या उद्योजकाच्या पैशातून हवाईच्या हालेआकाला डोंगरावर दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली. २००४ च्या सुमारास ब्रिटिश शाळांतली मुले वर्गात बसून तिच्यातून आकाशाची चित्रे घेऊ लागली. ज्या ब्रिटिश कंपनीने ही दुर्बीण घडवली तिनेच आपल्या आयुकासाठी जुन्नर भागात गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटरची दुर्बीण घडवली, आणि २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. म्हणजे त्या दोघी सख्ख्या बहिणी. धाकटी मुख्यतः संशोधकांच्या कामासाठी नांदते आहे, हे योग्यच. संशोधनाला रात्री अपुऱ्या पडतात. पण थोरली शाळेत जाते आणि धाकटी जात नाही, याची रुखरुख आम्हांस आहे. जवळच नारायणगावापाशी खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरांच्या टापूत पसरल्या आहेत, आणि त्या एका नियंत्रणकक्षातून वळतात. दूरवरून यंत्र हाकण्याची विद्या पुणे जिल्ह्याला परकी नाही, एवढेच यावरून सांगावयाचे.

भारतात सरकारने हा विषय हाती घेतला तो २००९ मध्ये, माहिती-तंत्राद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेत. दिल्लीच्या आय.आय.टी.च्या पुढाकाराने बारा संस्था एकत्र आल्या. त्यांत पवई होती आणि आपले पुण्याचे सी.ओ.ई.पी. होते. १८५४ मध्ये सरकारी बांधकामासाठी ओव्हरसियर तयार करायला जी शाळा निघाली, तीच ही संस्था. शंभराहून अधिक वर्षे जिने मुलांच्या हातात कानस आणि दुर्बीण-कोनमापक दिले, तिनेच त्यांच्या हातात आता माऊस दिला. केरळच्या अमृता विद्यापीठाने दूरवरून चालणारे खरे प्रयोगही केले, आणि सी-डॅक मुंबईच्या सोबतीने शालेय मुलांसाठी 'ओ-लॅब्ज' काढल्या. त्या मराठीतही आल्या. तथापि या साऱ्या मोहिमेत आभासी प्रयोग पुष्कळ आणि दूरस्थ प्रयोग थोडे, हे पहिल्यापासून राहिले. असे का व्हावे?

कारण उघड आहे. चित्राला तेलपाणी लागत नाही. खऱ्या यंत्राला लागते. वेटोळे जळते, पंख्यात धूळ बसते, कोणी वीज वाढवून निघून जातो, जोडणी सैल होते, उंदीर तार कुरतडतो. तेव्हा कोणी तरी उठून त्या खोलीत जावे लागते. पडद्यावर बसलेल्या शंभर विद्यार्थ्यांना तो माणूस दिसत नाही. त्यांना फक्त 'उपकरण उपलब्ध नाही' एवढी ओळ दिसते. कारखान्यात आम्ही हेच पाहत आलो. उत्पादनाचा आकडा फलकावर लागतो; मेंटेनन्स खात्याचा फलक कोणी पाहिला आहे? यंत्र चालले तर ते साहेबाचे, बंद पडले तर फिटरचे.

बरे, चित्राला तरी काहीच लागत नाही असे नाही. आपल्याकडचे अनेक आभासी प्रयोग 'फ्लॅश' नावाच्या प्रणालीत लिहिलेले होते. ती प्रणाली तिच्या मालक कंपनीने २०२० च्या अखेरीस जगभर बंद केली. ज्यांनी आपले प्रयोग पुन्हा लिहून काढले ते वाचले, ज्यांनी लिहिले नाहीत त्यांचे रिकामे चौकोन उरले. आणि वर्ष पाहा : २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, राज्यभरच्या प्रयोगशाळांना कुलपे पडली, मुले घरी बसली आणि साऱ्यांना एकदम या लांबच्या प्रयोगशाळांची आठवण झाली. घरात एकच मोबाईल आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, अशी मुले मात्र लांबच्याही प्रयोगशाळेपासून लांबच राहिली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, तिचा बोभाटा थोडा झाला. ११ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने निर्णय काढला, की खाजगी अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे, ती भरलेले कर्मचारी निवृत्त झाले की, संपवावीत आणि त्यांच्या जागी शाळेला ठोक भत्ता द्यावा. त्या पदांच्या यादीत शिपाई आहे, पहारेकरी आहे, आणि प्रयोगशाळा परिचरही आहे. शिक्षकेतर संघटनांनी याला विरोध केला. परिचर म्हणजे कोण, हे ज्यांनी विज्ञान शाखेत वर्षे काढली त्यांना सांगणे नको. कुठल्या बाटलीत काय आहे, कुठला ब्युरेट गळतो, कुठल्या भिंगाला चीर आहे, हे ज्याच्या तोंडपाठ असते तो. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येक विषयात शंभरांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि किती ठिकाणी प्रयोग न करता नुसती जर्नले उतरवली जातात हे आई-बापांनाही ठाऊक असते. परिचर गेल्यावर ते प्रमाण घटेल असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

यावर आमचे इंजिनियर मित्र म्हणतात, की यासाठीच तर दूरस्थ प्रयोगशाळा हवी. शंभर शाळांत शंभर परिचर ठेवण्याऐवजी एका ठिकाणी एक चांगले उपकरण ठेवावे. युक्तिवाद आकर्षक आहे, आणि अर्धा खराही आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम एका बंद पेटीत ठेवले होते. अमेरिकेतली शाळकरी मुले दूरवरून मोजणी करून, अंतर दुप्पट केले की किरणांचा जोर चतकोर होतो, हे स्वतःच्या आकड्यांनी पडताळून पाहत. असला पदार्थ शंभर शाळांत ठेवणे वेडेपणाचे होईल. दोन मीटरची दुर्बीणही शंभर शाळांना मिळायची नाही. जे महाग, जे घातक, जे रात्रीच दिसते, त्यासाठी दूरस्थ प्रयोगशाळा ही गरिबाच्या मुलाला मिळालेली मोठी देणगी आहे. ती नाकारणारे आम्ही नव्हे.

परंतु लंबक? लोहचुंबक? लिटमस? १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांतून एक कार्यक्रम सुरू झाला, ज्यात खेड्यातली मुले पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून स्वस्त साहित्याने स्वतः प्रयोग करीत. आपल्या पुण्याच्या टेल्कोतले एक तरुण इंजिनियर, अरविंद गुप्ता, १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तेथे गेले. परत आले ते आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी घेऊन, असे म्हटले तरी चालेल. त्या दोन वस्तूंतून त्यांनी मुलांना भूमिती हातांनी करायला लावली. नंतर आयुकाच्या आवारात वर्षानुवर्षे हेच केले. त्या काडीला इंटरनेट लागत नाही. जे काम काडीने होते ते तारेवरून करवणे म्हणजे, विहीर दारात असताना टँकर मागवण्यासारखे आहे. आणि टँकरचे बिल कोणाच्या खिशात जाते हे वाघोलीकरांना आम्ही काय सांगावे!

वाघोलीचे नाव निघाले म्हणून थोडे आपल्या गावाविषयी. वाघेश्वराचे देऊळ आणि पिलाजीराव जाधवांची समाधी ही जुनी ओळख. नंतरची ओळख दगडखाणींची. पुण्याच्या इमारतींत आमच्या खाणींची खडी पडली, आणि ती फोडणाऱ्यांची मुले कित्येक वर्षे शाळेच्या पटावरच नव्हती. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिकडची सुमारे बाराशे मुले भारतीय जैन संघटनेने शिकण्यासाठी याच वाघोलीत आणली. पुढे नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना इंजिनियरिंगची कॉलेजे उभी राहिली, आणि २०२१ च्या जूनमध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. म्हणजे आज एकाच वाघोलीत एका बाजूला लाखो रुपयांची प्रयोगशाळा आहे आणि थोड्याच अंतरावर प्रयोगशाळेत कधी पाऊल न टाकलेला मुलगा आहे. इंटरनेटने पवई ते ऑस्ट्रेलिया हे अंतर मिटवले म्हणतात. हे अंतर तर पायी जाण्याजोगे आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. गावातल्या कॉलेजांपैकी एखाद्याने पवईच्या धर्तीचे दोन-तीन प्रयोग बांधावेत आणि ते वाघोलीच्या शाळांना खुले करावेत. बांधणी कठीण नाही; शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्प म्हणून दरसाल याहून अवघड वस्तू बांधतात आणि परीक्षा झाली की भंगारात टाकतात. आठवड्यातून पाच दिवस शाळेतल्या मुलांनी तारेवरून प्रयोग करावा आणि सहाव्या दिवशी चालत येऊन तेच उपकरण हातांनी हाताळावे. ज्या पट्टीचे आकडे पाहिले ती बोटाला कशी लागते ते पाहावे. उपकरणाच्या देखभालीला एक माणूस नेमावा, तो कंत्राटी नसावा, आणि उपकरणाबरोबरच्या फलकावर प्राध्यापकांच्या नावाखाली त्याचेही नाव असावे. त्याच्या पगाराची तरतूद पहिल्या वर्षीच पाच वर्षांसाठी करावी, कारण अशा योजनांची दुसऱ्या वर्षी काय गत होते हे आपण पाहिले. विजेसाठी बॅटरी लागेल. तरीही दुरुस्तीच्या नावाखाली गुरुवारी वीज तासन्‌तास जाते; तेव्हा गुरुवारच्या वेळा कोणालाच न देता तो दिवस त्या माणसाने पंख्यातली धूळ काढण्यासाठी ठेवावा.